आठ वर्षांचा गेमिंग पीसी: कार्ड बदलायचं की मशीनच?

प्रश्न थोडक्यात असा आला आहे: "दादा, २०१८ च्या दिवाळीत घेतलेला असेंबल्ड पीसी आहे. आय५-८४०० प्रोसेसर, बी३६० बोर्ड, ८ जीबी रॅमची एकच स्टिक, जीटीएक्स १०६० चं ६ जीबीवालं कार्ड, १२० जीबीची एसएसडी, १ टीबीची हार्डडिस्क, ४५० वॉटचा एसएमपीएस. मॉनिटर १०८०पी, ६० हर्ट्झ. जुने गेम बरे चालतात, नवे मध्येच अडकतात. दुकानदार म्हणतो, एवढ्या जुन्यात पैसे घालू नका, नवीनच घ्या. मित्र म्हणतात, नुसतं कार्ड बदल. साठवून साठवून चाळीस हजार जमलेत. काय करू?"

उत्तर लांबणार आहे, म्हणून निकाल आधीच सांगतो. नवीन मशीन घेऊ नका, या मशीनमध्ये अजून दोन-तीन वर्षं आहेत. पण मित्र म्हणतात तसं नुसतं कार्डही बदलू नका, निदान पहिल्याच दिवशी तरी नको. आणि प्रोसेसरवर एक रुपयाही घालू नका.

मी पुण्यात वीसेक वर्षं मशीन बांधतो आणि दुरुस्त करतो. घ्यायचं की वाढवायचं, हा प्रश्न आठवड्यातून तीन-चारदा तरी समोर येतो. बहुतेकजण तो वयावरून सोडवतात: पाच वर्षं झाली, आठ वर्षं झाली, आता बास. वयावरून काहीच ठरत नाही. ठरतं ते दोन गोष्टींवरून. गेम नेमका कशापाशी अडतोय, आणि आज घातलेला पैसा पुढच्या मशीनमध्ये तुमच्याबरोबर येणार की याच बोर्डावर अडकून राहणार.

दुसरी गोष्ट आधी घेतो, कारण तिचा विचार कुणी करतच नाही. ग्राफिक कार्ड, एसएसडी, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), कॅबिनेट, मॉनिटर हे सगळं पुढच्या मशीनमध्ये येतं. मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम ही तिघं मात्र एकमेकांना बांधलेली. एकाला हात लावला की बाकीची दोघंही बदलायला निघतात. तुमचा आय५-८४०० ज्या सॉकेटवर बसतो, त्या बोर्डावर इंटेलची आठवी आणि नववी पिढी एवढीच चालते. दहावीला सॉकेट बदललं, बारावीला पुन्हा बदललं, ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या कोअर अल्ट्राला आणखी वेगळं. म्हणजे नवा प्रोसेसर हवा तर नवा बोर्ड, आणि आजचा बोर्ड घ्यायचा तर बहुधा डीडीआर५ रॅम. एवढं बदललं की तो नवाच कॉम्प्युटर झाला, फक्त जुन्या डब्यात बसवलेला.

लोक एक ठोकताळा सांगतात: अपग्रेडचा खर्च नव्याच्या निम्म्यावर गेला की नवीन घ्यावं. मला हा हिशेब पटत नाही, कारण तो सगळा पैसा एकाच मापाने मोजतो. पंचवीस हजारांचं कार्ड घेतलंत आणि दोन वर्षांनी बोर्ड बदललात, तर ते कार्ड उचलून नव्या बोर्डावर बसवता येतं. तो पैसा जुन्या मशीनवर गेला असं म्हणताच येत नाही. उलट जुन्या सॉकेटसाठी बारा हजारांचा वापरलेला आय७ घेतलात, तर ते बारा हजार त्या बोर्डाबरोबरच संपले. मी गिऱ्हाइकाला वहीवर दोन रकाने पाडून देतो: बरोबर येणारे पैसे आणि अडकणारे पैसे. दुसऱ्या रकान्यातली बेरीज लहान असेपर्यंत अपग्रेड करावं.

आणि नवीन मशीन पुढे ढकलायला सध्या आणखी एक कारण आहे. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांपासून रॅमचे भाव चढले ते चढलेच. एआयच्या डेटा सेंटरांना लागणाऱ्या मेमरीकडे कारखाने वळले, घरगुती माल आटला. डिसेंबर २०२५ मध्ये मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने आपला क्रूशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. नव्या मशीनचं कोटेशन काढलं की त्यातली डीडीआर५ची ओळ बघून माणूस दचकतो. दुकानदाराने तुम्हाला नवीन सुचवलं त्यात त्याची लबाडी असेलच असं नाही. पण या काळात बोर्ड, प्रोसेसर, रॅम एकदम घेणं म्हणजे सगळ्यात महाग वेळी सगळ्यात जास्त माल उचलणं.

आता पहिली गोष्ट: गेम कशापाशी अडतोय. हे अंदाजाने सांगता येत नाही, मोजावं लागतं, आणि मोजायला पैसे पडत नाहीत. एमएसआय आफ्टरबर्नर उतरवून घ्या, त्याच्याबरोबर रिव्हाट्यूनर येतो. कार्ड दुसऱ्या कंपनीचं असलं तरी चालतो. पडद्याच्या कोपऱ्यात इतके आकडे दिसतील असं करा: कार्डाचा वापर टक्क्यांत, कार्डाची मेमरी, प्रत्येक कोअरचा वापर वेगवेगळा, रॅम, आणि फ्रेम टाइमचा, म्हणजे एका फ्रेमला लागलेल्या वेळेचा आलेख. प्रोसेसरचा एकत्रित आकडा बघू नका, तो फसवतो. एक कोअर शंभरावर ठेचकाळत असतो आणि एकत्रित आकडा ४५ दाखवतो. एफपीएसच्या (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, दिसतात) सरासरीपेक्षा फ्रेम टाइमच्या रेषेकडे लक्ष ठेवा. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. रेषा तिथे सपाट असेल तर खेळ सुरळीत वाटतो. मधूनच ७०-८० मिलिसेकंदांचा सुळका वर आला, की तोच तो झटका, ज्याला आपण "अडकला" म्हणतो.

मग जो गेम त्रास देतो त्यातली सगळ्यात गजबजलेली जागा निवडा. बाजारपेठ, शहराचा चौक, जिथे माणसं आणि गाड्या दिसतात. तिथे दहा मिनिटं फिरा. कार्ड सतत ९७-९९ टक्क्यांवर असेल तर कार्ड कमी पडतंय. कार्ड ६० वर घसरलं आणि कोअर शंभरावर गेले तर प्रोसेसर. खात्री करायची तर रिझोल्यूशन ७२०पी करा आणि त्याच चौकात परत जा. एफपीएस भरभर वाढले तर अडथळा कार्डाचा होता. जिथे होते तिथेच राहिले तर प्रोसेसरचा, कारण पडदा लहान केल्याने कार्डाचं काम कमी होतं, प्रोसेसरचं जवळपास तेवढंच राहतं.

तुमच्यासारखंच एक मशीन गेल्या महिन्यात माझ्या टेबलावर होतं, म्हणून तुमच्याकडे काय दिसेल याचा मला बऱ्यापैकी अंदाज आहे. गेममधल्या मोकळ्या माळावर कार्ड ९९ टक्के, एफपीएस पन्नासच्या आसपास, रेषा शांत. घोडा गावात शिरला आणि ज्याचं मशीन त्या मुलाने कॅमेरा झर्रकन वळवला, तर कार्ड साठाच्या खाली आलं आणि रेषेला सुळके फुटायला लागले. तो म्हणाला, "बघा, प्रोसेसर गेला." मी टास्क मॅनेजर उघडून दाखवला. कोअर शंभरावर नव्हते. रॅम ८ पैकी ७.७ भरलेली, आणि हार्डडिस्क शंभर टक्के. गेमला जागा पुरत नव्हती, म्हणून विंडोज रॅममधला माल हार्डडिस्कवर काढून ठेवत होती आणि पुन्हा आणत होती, आणि त्याच हार्डडिस्कवरून गेम स्वतःचा नकाशाही वाचत होता. कॅबिनेटला कान लावला तर डिस्कचं डोकं कुरकुरताना ऐकू येत होतं. दुसरी स्टिक लावली, गेम एसएसडीवर हलवला. माळावरचे एफपीएस होते तेवढेच राहिले. गावातले सुळके मात्र गेले. त्या मुलाला नव्या कार्डाने हे मिळालं नसतं.

म्हणून तुमचा पहिला खर्च रॅमचा. यात दोन फायदे एकदम आहेत. ८ चे १६ होतात हा एक. दुसरा असा की एकच स्टिक असताना प्रोसेसरला रॅमकडे जायला एकच वाट असते. दोन स्टिक योग्य स्लॉटमध्ये बसल्या की दोन वाटा होतात. २६६६ वेगाच्या डीडीआर४ला एका वाटेने सेकंदाला २१ जीबीच्या आसपास माल जातो, दोन्ही मिळून ४२. सहा कोअरच्या प्रोसेसरला ही चणचण चांगलीच जाणवते. तुमचा बोर्ड २६६६च्या वर जात नाही, तेव्हा ३२०० किंवा ३६०० साठी जास्त पैसे मोजू नका. बोर्डावर चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा. हा पैसा अडकणारा आहे हे खरं, डीडीआर४ पुढच्या बोर्डावर जाणार नाही. म्हणून इथे मी सेकंडहँड स्टिक घ्यायलाही सांगतो. रॅम सहसा खराब होत नाही, आणि झालीच तर मेमटेस्ट८६ रात्रभर चालवला की सकाळी कळतं. एक जरी चूक दाखवली तरी स्टिक परत करायची, हे विकणाऱ्याशी आधीच बोलून ठेवा.

दुसरा खर्च एसएसडीचा. १२० जीबीत आज विंडोज आणि त्याचे अपडेट एवढंच मावतं. २०२३ पासूनचे कित्येक मोठे गेम किमान गरजांमध्येच एसएसडी लिहितात, ते उगाच नाही. बी३६० बोर्डावर बहुधा एम.२चा स्लॉट असतो. बोर्डाचं मॅन्युअल काढून तो एनव्हीएमई (वेगवान प्रकारची एसएसडी) घेतो का आणि तो भरला की साटाचं (जुन्या प्रकारच्या डिस्क जोडण्याचं) एखादं पोर्ट बंद पडतं का, एवढं बघून घ्या. १ टीबी घ्या. बोर्ड जुन्या पद्धतीचा म्हणजे पीसीआयई ३ (कार्ड आणि एसएसडी बोर्डाला जोडणाऱ्या मार्गाची तिसरी पिढी) असला तरी नव्या पिढीची एसएसडी चालते, वेग तेवढा कमी राहतो, आणि पुढच्या मशीनमध्ये तो मिळेल. हा बरोबर येणारा पैसा.

तिसरी गोष्ट जवळपास फुकट आहे आणि तीच सगळ्यात जास्त टाळली जाते. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट, आणि सफाई. गेल्या जूनमध्ये रत्नागिरीहून एक मशीन आलं, तक्रार अशी की वीस मिनिटांनी गेम अर्ध्या वेगाने चालतो. प्रोसेसर ९७ अंशांवर. पंखा काढला तर त्याखाली हीटसिंकच्या पात्यांवर धुळीची घोंगडी बसलेली, बोटाने सोलून काढता येईल एवढी जाड. पेस्टचा खडू झालेला, नख लावलं की भुकटी. कोकणातल्या दमट हवेने रॅमच्या सोनेरी पायांवर हिरवट झाक आली होती; ती खोडरबराने हलक्या हाताने घासली आणि आयसोप्रोपाइलने पुसली. कार्डही उघडलं, त्याचीही पेस्ट बदलली. संध्याकाळी तोच गेम तासभर चालवला, प्रोसेसर ७२ च्या वर गेला नाही. खर्च एका पेस्टच्या ट्यूबचा. त्यांनी नव्या मशीनसाठी पैसे बाजूला काढून ठेवले होते.

तुम्ही घरी करणार असाल तर दोन गोष्टी सांभाळा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भन्नाट फिरतो, बेअरिंग जातं आणि उलटा करंट बोर्डाकडे जाऊ शकतो. आणि घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते. बोर्डावरचा सीआर२०३२ सेलही याच वेळी बदला. मशीन बंद केल्यावर घड्याळ मागे पडत असेल तर तोच कारण आहे.

आता एसएमपीएस. इथे मी थोडा थांबतो, कारण माझ्या हातून एकदा याच बाबतीत चूक झाली आहे आणि तिची किंमत गिऱ्हाइकाने मोजली. २०१४ ची गोष्ट. एका मुलाने नवं कार्ड आणलं, मी त्याच्या जुन्या मशीनमध्ये बसवून दिलं. एसएमपीएसच्या स्टिकरवर मोठ्या अक्षरांत ५०० वॉट लिहिलं होतं, मी त्यावर विश्वास ठेवला. तिसऱ्या रात्री फटकन आवाज झाला, जळका वास आला, आणि एसएमपीएस जाताना कार्डही घेऊन गेला. नंतर मी ते लेबल नीट वाचलं. १२ व्होल्टच्या ओळीत १८ अँपियर. बारा गुणिले अठरा, २१६ वॉट. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही त्याच १२ व्होल्टवर जगतात. बाकीचे वॉट ३.३ आणि ५ व्होल्टच्या ओळींत दाखवून बेरीज फुगवली होती. त्या दिवसापासून मी कुठल्याही मशीनला हात लावण्याआधी तो गुणाकार करतो.

तुमचा ४५० वॉटचा आहे. कॅबिनेटची बाजू उघडून लेबलचा मोबाइलवर फोटो काढा आणि १२ व्होल्टच्या समोरचे अँपियर बघा. ३० च्या पुढे असतील आणि नावाजलेल्या कंपनीचा असेल तर १३०-१४५ वॉटचं कार्ड तो पेलेल. प्रोसेसर ६५ वॉटचा आहे, बाकी बोर्ड, डिस्क, पंखे मिळून पन्नासेक. पण तो आठ वर्षांचा आहे हे विसरू नका. आतले कपॅसिटर उन्हाळ्यागणिक सुकत जातात, आणि आपल्याकडे व्होल्टेजही एकसारखं नसतं. मी तुमच्या जागी असतो तर नवं कार्ड घेतानाच ६५० वॉटचा चांगला एसएमपीएस घेतला असता. तो पुढच्या मशीनमध्ये येतो, वॉरंटी पाच ते दहा वर्षांची असते. आणि एक काम अजिबात करू नका: कार्डाला आठ पिनी हवी आणि एसएमपीएसमधून सहाच पिनी निघते म्हणून जुन्या मोलेक्सवरून (डिस्कला वीज देणाऱ्या पिनीवरून) जोडणारी वायर लावणं. सहा पिनी ७५ वॉटसाठी आहे, आठ पिनी १५०साठी. कंपनीने वायर दिली नाही याचा अर्थच तो आहे की ती ताकद त्यात नाही.

अर्थिंगही बघा. कॅबिनेटच्या पत्र्याला टेस्टर लावला आणि दिवा लागला, तर तुमच्या घरच्या सॉकेटला अर्थ मिळत नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमधली गळती पत्र्यावर येऊन बसते. हात लावला की चिमटा बसतो तो हाच. नव्या कार्डावर पंचवीस हजार घालण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून हे काम करून घ्या.

हे सगळं झालं की पुन्हा त्याच चौकात जाऊन मोजा, आणि मग कार्ड. जीटीएक्स १०६० जुलै २०१६चं. फार गुणी कार्ड, पण त्याची वेळ आता भरली आहे, आणि कारण नुसता वेग नाही. कार्डाची कंपनी एनव्हिडियाने त्या पिढीसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले. ऑक्टोबर २०२८ पर्यंत सुरक्षेपुरते अपडेट येत राहतील. शिवाय काही गेम आता रे ट्रेसिंगचं (उजेड-सावल्या खऱ्यासारख्या काढण्याचं) हार्डवेअर असल्याशिवाय चालूच होत नाहीत, मे २०२५ मध्ये आलेला "डूम: द डार्क एजेस" त्यातलाच. तिथे सेटिंग कमी करून भागत नाही.

तुमचा बोर्ड पीसीआयई ३चा आहे, त्यामुळे कार्ड निवडताना दुकानात कुणी सांगत नाही अशी एक बाब बघावी लागते. स्वस्तातली बरीच नवी कार्डं बोर्डाशी माल ने-आण करायला सोळाऐवजी आठच लेन, म्हणजे वाटा, वापरतात. आरएक्स ६६००, आरटीएक्स ४०६०, आरटीएक्स ५०६० ही तशी. पीसीआयई ३वर त्यांचं नुकसान एरवी थोडंच होतं, पण कार्डाची ८ जीबी मेमरी भरून ओसंडली की ते एकदम वाढतं, कारण ओसंडलेला माल त्याच अरुंद वाटेने रॅममधून आणावा लागतो. टेक्स्चर एक पायरी खाली ठेवलं की १०८०पीवर हे टळतं. आरएक्स ६५०० एक्सटी मात्र चारच लेनचं आणि ४ जीबीचं आहे, ते तुमच्या बोर्डावर फुकट मिळालं तरी नको. इंटेलचं आर्क बी५८० १२ जीबी देतं आणि भाव बघून मोह होतो, पण इंटेल त्यासाठी दहाव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर सांगते, आणि जुन्या प्रोसेसरांवर ते खूप मागे पडतं हे जानेवारी २०२५ मधल्या चाचण्यांत स्पष्ट दिसलं. तुमच्यासाठी ते नाही.

तर दोन वाटा. फक्त हेच मशीन दोन वर्षं नीट चालवायचं असेल तर आरएक्स ६६०० किंवा त्या तोडीचं, १३२ वॉटचं, ६० हर्ट्झला भरपूर. कार्ड पुढच्या मशीनमध्येही न्यायचं असेल तर थोडे आणखी साठवून आरएक्स ९०६० एक्सटीचं १६ जीबीवालं घ्या. त्याला पूर्ण सोळा लेन आहेत, म्हणून जुन्या बोर्डावर ते कमी गुदमरतं. मी दुसरी वाट धरली असती. आज तुमचा प्रोसेसर त्याचा पूर्ण वेग काढू शकणार नाही, आणि मित्र म्हणतील "बॉटलनेक होतोय". होऊ दे. कार्ड पैसे देऊन घेतलेलं आहे, ते पुढे तुमच्याबरोबर येणार आहे.

वापरलेलं कार्ड घेणार असाल तर जपून. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियम या क्रिप्टो चलनाने कार्डांवर चालणारी खाणकामाची पद्धत सोडली आणि तोवर रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली. ती अजून हातोहात फिरतायत. बिल, सीरियल नंबरचा स्टिकर, उरलेली वॉरंटी या तीन गोष्टी नसतील तर भाव कितीही कमी असो, सोडून द्या. असतील तर विकणाऱ्याच्याच घरी अर्धा तास जड गेम चालवून बघा आणि पंख्यांचा आवाज ऐका.

आता प्रोसेसरचा मोह. कुणीतरी तुम्हाला सांगेल की तुमच्या बोर्डावर वापरलेला आय७-८७०० किंवा आय९-९९०० बसतो. बसतो, नववी पिढी असेल तर आधी बायोस, म्हणजे बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर, अपडेट करून. आणि त्याने फरकही पडतो. सोनीच्या पीएस५ या गेम कन्सोलमध्ये आठ कोअर आणि सोळा थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या रांगा) आहेत. गेम बनवणारे जुना पीएस४ सोडून पूर्णपणे त्याच्यावर गेले तसे सहा कोअर आणि सहाच थ्रेडचे प्रोसेसर धापा टाकू लागले. पण मेलेल्या सॉकेटवरचे सगळ्यात वरचे प्रोसेसर कधीच स्वस्त होत नाहीत, कारण त्या बोर्डाच्या प्रत्येक मालकाला तेच हवे असतात. शिवाय साध्या बी३६० बोर्डाचा वीजपुरवठा आय९ला पुरत नाही, तो तापून वेग कमी करतो. सगळा पैसा अडकणारा. ६० हर्ट्झच्या मॉनिटरसाठी तुमचा आय५ रॅमच्या दोन स्टिकवर पुरेसा आहे.

विंडोजचं काय, असं अनेकजण घाबरून विचारतात. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला इंटेलची आठवी पिढी चालते, म्हणजे तुम्ही उंबरठ्याच्या आत आहात. बायोसमध्ये इंटेल पीटीटी चालू करा, तोच तुमचा टीपीएम २.०, विंडोज ११ मागते तो सुरक्षेचा भाग. डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर ती नव्या जीपीटी पद्धतीची करून मग सिक्युअर बूट (फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू करा. क्रम उलटा केलात तर मशीन सुरूच होणार नाही. त्याआधी फोटो आणि गेमचे सेव्ह बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवा. व्हॅलोरंटसारखे ऑनलाइन गेम विंडोज ११वर या दोन्ही गोष्टी मागतात.

हेच मशीन थोडं वेगळं असतं तर मी उलट उत्तर दिलं असतं. सातव्या पिढीचा किंवा त्याआधीचा चार कोअरचा इंटेल असता तर विंडोज ११ही नाही आणि नवे गेमही नाहीत, तिथे रॅमसुद्धा घेऊ नका, बोर्डापासून बदला. बोर्डच आजारी असेल, यूएसबी पोर्ट मरत असतील, सॉकेटजवळचे कपॅसिटर फुगले असतील, तरी तेच. मोठ्या कंपनीचा तयार डेस्कटॉप असेल ज्यात एसएमपीएस आणि बोर्डाचे कनेक्टर त्यांचे स्वतःचेच असतात, तर त्यातलं फारसं काही पुढे येत नाही. आणि तुम्ही १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन स्पर्धेचे गेम खेळणार असाल, तर फ्रेमला १६.७ ऐवजी ६.९ मिलिसेकंदच मिळतात आणि तिथे तुमचा आय५ खरोखर कमी पडेल.

इंटेलची स्पर्धक एएमडी, तिच्या एएम४ सॉकेटच्या बोर्डाची गोष्ट याच्या अगदी उलट. कुणाकडे २०१८चा बी४५० आणि रायझेन २६०० असेल, तर बायोस अपडेट करून त्याच बोर्डावर, त्याच रॅमवर रायझेन ५६०० बसतो, आणि ५७००एक्स३डी मिळाला तर आणखी चार वर्षं बघायला नको. तिथे प्रोसेसरवर पैसे घालणं शहाणपणाचं, कारण बोर्ड आणि डीडीआर४ दोन्ही वाचतात. एकाच वर्षी घेतलेल्या दोन मशीनांना दोन वेगळी उत्तरं मिळतात ती यामुळे.

तर चाळीस हजारांचा क्रम असा लावा. या आठवड्यात मोजमाप आणि सफाई. मग रॅमची एक स्टिक, आणि एसएसडी. त्यानंतर दोन आठवडे खेळून बघा. कदाचित झटके गेल्यावर तुम्हाला कार्डाची घाई राहणारही नाही, आणि राहिलेले पैसे मोठ्या कार्डाकडे जमा होतील. कार्ड आणि एसएमपीएस एकत्रच घ्या, जीएसटीचं बिल घ्या, बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटीच्या वेळी त्यावरून फार वाद होतात.

दोनेक वर्षांनी रॅमचे भाव उतरले की बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम घ्या. एएम५ हे आपलं आजचं सॉकेट २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही चालवू असं एएमडीने सांगितलं आहे, तेव्हा बहुधा तेच. कार्ड, एसएसडी, एसएमपीएस जुन्यातून काढून नव्यात बसतील. मागे उरलेल्या आय५-८४००मध्ये स्वतःचं ग्राफिक आहे, कार्ड काढलं तरी मदरबोर्डवरच्या पोर्टाला मॉनिटर लावून तो चालतो. १६ जीबी रॅम आहेच. त्यामुळे १२० जीबीची ती जुनी एसएसडी आता विकू नका, डब्यात घालून ठेवा. तेव्हा एक छोटा नवा एसएमपीएस लावलात की घरात कुणाच्या तरी अभ्यासाला मशीन तयार.